टॅबलेटला अपडेट, नवा स्कॅनर की प्रोग्रॅमिंगचं मशीन?

कळव्याच्या एका गॅरेजवाल्या मित्राचा प्रश्न आहे. दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, चार वर्षांपूर्वी घेतलेला टॅबलेट स्कॅनर (गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र), त्याच्या अपडेटची मुदत गेल्या वर्षी संपलेली. शिवाय मोबाइलला जोडायचा निळा ब्लूटूथ डोंगल. गिऱ्हाईक बहुतेक मारुती आणि ह्युंदाईचं, त्यात निम्म्या गाड्या सीएनजी. अधूनमधून इकोस्पोर्ट, पोलो, एखादी बीएस ६ डिझेल. हल्ली काही गाड्यांवर 'कम्युनिकेशन एरर' येतो आणि २०१८ ची एक सेडान तर तीन दिवस दारात पडून आहे. अपडेटला विक्रेता ३० हजार मागतोय. एक मित्र म्हणतो लाखभर घालून नवा घे, दुसरा म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) प्रोग्रॅमिंगचं मशीन घे, खरा पैसा त्यातच आहे. तर काय करावं?

मी वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतोय. या काळात सात स्कॅनर घेतले, त्यातले दोन घ्यायला नको होते. त्या दोन्ही वेळी मी नेमकं तुमच्यासारखंच केलं होतं: गाडी अडली की स्कॅनर कमी पडला असं धरून चाललो होतो.

आपण ज्याला स्कॅनर म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारी डबी, म्हणजे खरा इंटरफेस. ती गाडीच्या तारांवरची भाषा उचलते आणि टॅबलेटला किंवा लॅपटॉपला देते, एवढंच तिचं काम. दुसरं सॉफ्टवेअर. त्या भाषेचा अर्थ लावणं, कुठल्या मॉडेलमध्ये कुठलं युनिट (इंजिन, ब्रेक वगैरेचा कॉम्प्युटर) कुठल्या पत्त्यावर आहे हे माहीत असणं, हे सगळं त्याच्याकडे. आणि तिसरी परवानगी: काही कामं गाडी कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय करूच देत नाही. गाडी अडली तर या तिघांपैकी कोणामुळे अडली ते आधी शोधायचं. डबी कमी पडत असेल तर अपडेटचे ३० हजार वाया जातील. सॉफ्टवेअर जुनं असेल तर नवी डबी कशाला? आणि परवानगी नसेल तर दोन्ही घेऊनही गाडी दारातच राहील.

याशिवाय चौथी शक्यता असते, आणि माझ्याकडे तीच सगळ्यात जास्त वेळा निघते: बिघाड गाडीतच असतो. म्हणून आधी त्या सेडानकडे वळू.

टॅबलेट बाजूला ठेवा आणि मल्टिमीटर घ्या. सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनवर कायम बॅटरीचा करंट हवा, चावी बंद असली तरी. ४ आणि ५ नंबरला अर्थ हवा. बऱ्याच गाड्यांमध्ये या सॉकेटचा फ्यूज सिगरेट लायटरच्या सॉकेटबरोबर सामाईक असतो. स्वस्तातला चार्जर आत मोडला, एखादं नाणं पडलं की फ्यूज उडतो. गाडी छान चालते, गिऱ्हाइकाला काही कळत नाही, आणि आपण मात्र म्हणतो की स्कॅनर सपोर्ट करत नाही. काही डब्या यूएसबीवरून चालू होतात, त्यामुळे डबीवरचा दिवा लागलेला दिसतो आणि आपण आणखी फसतो.

तिथे सगळं ठीक असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा, दोन मिनिटं थांबा आणि ६ व १४ या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. कॅनच्या, म्हणजे गाडीतली युनिट ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही शाबूत असले की मीटरवर ६० च्या आसपास आकडा येतो. १२० आला तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आला तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांमध्ये सॉकेट आणि आतल्या तारांमध्ये गेटवे (ये-जा तपासणारं मधलं युनिट) बसवलेला असतो, तिथे हा हिशोब थोडा बदलतो, तेव्हा वायरिंगचा नकाशा बघूनच निकाल द्या.

दोन पावसाळ्यांपूर्वीची एक हॅचबॅक सांगतो. वंदना टॉकीजजवळच्या पाण्यातून गेलेली, त्याआधी दोन गॅरेज फिरून आलेली, दोन्हीकडे 'नवा स्कॅनर लागेल' असं ऐकलेलं. मीटरवर १२० आला. ब्रेकच्या एबीएस युनिटचा कपलर (तारांचा जोड) काढला तर आत हिरवी बुरशी धरलेली आणि एक पिन तर बोट लागताच तुटून हातात आली. कपलर बदलला, पिना साफ केल्या, ६१ ओहम आला आणि माझा सहा वर्षं जुना, अपडेट संपलेला स्कॅनर सगळ्या युनिटशी बोलायला लागला. त्या गाडीवर लाखाचा नवा टॅबलेट लावला असता तरी तोच एरर आला असता.

आता निळ्या डोंगलबद्दल. ईएलएम ३२७ ही मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची; ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात पाचशे-सातशेला मिळतात त्या तिच्या नकला. डोंगलवर 'आवृत्ती १.५' लिहिलेलं असेल तर ती आवृत्ती कंपनीने कधी काढलीच नव्हती, हे लक्षात घ्या. २.१ लिहिलेले कित्येक तर आणखी अर्धवट निघतात. काही आदेश त्यांना कळतच नाहीत, लांबलचक उत्तर आलं की मध्येच तुटतात. इंजिनच्या बिघाडाचा कोड वाचायला हे डोंगल चालतं. पण सेकंदाला चार-पाच वाचनं मिळणार असतील आणि तुम्ही सहा आकडे एकदम लावलेत, तर प्रत्येक आकडा सेकंदाहून जुना दिसतो. पिकअप घेताना क्षणभर पडणारं रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या इंधनाचा दाब) त्यात सापडत नाही. चांगल्या बनावटीचा ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर, व्हीलिंकर किंवा ओबीडीलिंकसारखा, घेतलात तर याच कामासाठी मोबाइलही उपयोगी पडतो.

आणि गिऱ्हाइकाने डोंगल गाडीतच लावून ठेवला असेल तर काढायला लावा. १६ नंबरचा करंट कधी बंद होत नाही. माझ्या मीटरवर असा एक डोंगल ४५ मिलीअँपिअर खाताना दिसला. म्हणजे दिवसाला साधारण एक अँपिअर-तास. माणूस दोन आठवडे गावी गेला आणि गाडी सोसायटीत उभी असेल तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला १५ चा हिशोब तिथेच संपला.

टॅबलेटकडे येतो. अपडेट की नवा, हे तुमच्या दारात कुठल्या सालच्या गाड्या येतात त्यावर आहे. आपल्याकडे मुंबईसकट मोठ्या शहरांत बीएस ४ एप्रिल २०१० ला आलं तेव्हा ओबीडीचा (गाडीने स्वतःचा बिघाड ओळखायच्या सोयीचा) पहिला टप्पा लागला, आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना सॉकेट सोळा पिनांचं असतं, पण आतली बोली कंपनीची स्वतःची, बहुतेक ७ नंबरच्या के-लाइनवर (जुन्या एका तारेच्या जोडणीवर). तिथे जुना टॅबलेट कधीकधी नव्यापेक्षा चांगला चालतो, म्हणून जुना भंगारात देऊ नका. २०१३ ते २०२२ च्या बहुतेक गाड्या साध्या कॅनवर बोलतात. तुमची चार वर्षांपूर्वीची डबी तेवढ्याला पुरेशी असायला हवी, कमी पडत असेल ते सॉफ्टवेअर. नव्या गाड्यांमध्ये मात्र कॅन एफडी येतंय, आणि वरच्या वर्गात इथरनेटवरून बोलणारं डीओआयपी. साधा कॅन एका निरोपात ८ बाइट नेतो, कॅन एफडी ६४ पर्यंत. जुन्या डबीच्या आतल्या चिपला हे झेपत नसेल तर कितीही अपडेट मारा, ती ऐकू शकणार नाही. काही ब्रँड त्यासाठी मधे लावायचा वेगळा अ‍ॅडाप्टर विकतात. विक्रेत्याला 'सगळ्या गाड्या चालतात का' असं विचारू नका, उत्तर होच येणार. विचारा: या डबीत कॅन एफडी आहे का, नसेल तर अ‍ॅडाप्टर मिळतो का, आणि डीओआयपी?

पैशांचं गणित सोपं आहे. ३० हजार वर्षाला म्हणजे महिन्याला अडीच हजार. स्कॅनचे तुम्ही ५०० रुपये वेगळे लावत असाल तर महिन्याला पाच गाड्यांत ते सुटतात. लावत नसाल तर लावायला लागा. तासभर डोकं घालून फॉल्ट शोधायचा आणि बिलात फक्त सेन्सर लिहायचा, ही आपल्या धंद्यातली फार जुनी खोड आहे आणि तिच्यामुळेच चांगले मेकॅनिक अवजारं बदलू शकत नाहीत.

पण अपडेटचे पैसे भरण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. जी गाडी परत पाठवावी लागली तिचं मॉडेल, साल आणि कशासाठी परत गेली ते लिहा: स्कॅनर जोडलाच गेला नाही, जोडला गेला पण हवं ते फंक्शन नव्हतं, की नवं युनिट बसवून त्यात फाइल टाकायची होती. अंदाजाने सांगू नका, कारण राग आणणारी एक गाडी आपल्याला दहा गाड्यांएवढी आठवते. मी २०१९ मध्ये अशी वही ठेवली तेव्हा मला वाटत होतं की प्रोग्रॅमिंगसाठी रोज काम जातंय. महिन्याअखेर अशा गाड्या दोन निघाल्या, आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक उघडता न आल्याने किंवा स्टिअरिंग अँगल सेन्सर सेट न झाल्याने गेलेल्या नऊ. ती दोन्ही कामं साध्या टॅबलेटच्या सर्व्हिस मेनूत असतात.

आणखी एक. बाहेरच्या देशातून कोणाकडून टॅबलेट मागवायचा विचार असेल तर त्यात भारताचा मेनू आहे का ते डोळ्यांनी बघा. काही ब्रँडमध्ये सिरीयल नंबर प्रदेशाला बांधलेला असतो. वॅगन-आर आणि बोलेरो ज्याला ओळखता येत नाही असा महागडा टॅबलेट कळव्यात काय कामाचा?

इकोस्पोर्ट आणि पोलोसाठी मात्र टॅबलेटवर भार टाकू नका. फोर्डने २०२१ मध्ये इथलं गाड्यांचं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, पण इकोस्पोर्ट आणि फिगो रस्त्यावर भरपूर आहेत आणि त्यांचे मालक भरवशाचं गॅरेज शोधत असतात. या गाड्यांमध्ये दोन कॅन असतात. इंजिन, एबीएस वगैरे ६ आणि १४ वर; म्युझिक, एसीसारखी युनिट ३ आणि ११ वर, तेही १२५ किलोबिटच्या संथ वेगाने. निळा डोंगल दुसऱ्या जोडीपर्यंत पोचतच नाही. दोन्ही जोड्यांवर आपोआप जाणारा यूएसबी अ‍ॅडाप्टर आणि विंडोज लॅपटॉपवर फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर, एवढ्यात फोर्डचं जे काम होतं ते लाखाच्या कित्येक टॅबलेटवर होत नाही. पोलो, व्हेंटो, रॅपिडसाठी व्हीसीडीएस हे सॉफ्टवेअर. त्याची हेक्स व्ही २ डबी तीन गाड्या, दहा गाड्या किंवा अमर्याद अशा परवान्यांत येते आणि परवाना नंतर पैसे भरून वाढवता येतो. गॅरेजला अखेर अमर्यादच लागतो, पण महिन्याला एखादीच पोलो येत असेल तर घाई नको. तिच्या नकला घेऊ नका. मूळ कंपनीचं सॉफ्टवेअर चुकून अपडेट झालं की त्या डब्या मरतात, आणि तेही बहुधा गाडी उघडून ठेवलेली असताना.

सीएनजीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या निम्म्या गाड्या त्या आहेत. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचा स्वतःचा ईसीएम असतो. तो सोळा पिनांच्या सॉकेटवर दिसत नाही. त्याचा कपलर वेगळा, केबल वेगळी, सॉफ्टवेअर किटच्या कंपनीचं. गाडीवर पी०१७१ येतो, म्हणजे मिश्रण पातळ. मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर बदलतो, पंधरा दिवसांत लाइट परत पेटते. असं असेल तर लाइव्ह डेटात लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीएम इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) लावा आणि गाडी आधी पेट्रोलवर, मग गॅसवर चालवून बघा. पेट्रोलवर ट्रिम शून्याजवळ स्थिर आणि गॅसवर गेलं की प्लस पंधरा-वीसकडे चढत जात असेल, तर सेन्सरचा काही दोष नाही. किटचा नकाशा बिघडलाय, गॅसचा फिल्टर भरलाय किंवा इंजेक्टर थकलेत. तुमच्या भागात जी किटं जास्त चालतात त्यांच्या केबल घेऊन ठेवा. मोठ्या स्कॅनरच्या मानाने खर्च किरकोळ आहे आणि ठाण्यात हे काम नीट करणारी माणसं फार कमी आहेत, हे मनापासून सांगतो.

बीएस ६ डिझेलचं दुखणं वेगळं. घोडबंदर रोडला रोज तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणाऱ्या गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तापतच नाही, त्यात काजळी साठत जाते. टॅबलेटवरून जबरदस्तीचं रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) करता येतं, डोंगलवरून बहुतेक नाही. पण बटण दाबायच्या आधी काजळीचं प्रमाण, इंजिन ऑइलची पातळी आणि डिफरन्शियल प्रेशर सेन्सरच्या नळ्या बघा. नळी फाटलेली असेल तर फिल्टर रिकामा असूनही भरलेला दिसतो, किंवा उलट. वारंवार अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळे ऑइलमध्ये डिझेल उतरलेलं असू शकतं, मग आधी ऑइल बदला. आणि गाडी मोकळ्यावर, सायलेन्सरखाली सुकं गवत किंवा कपडा नसेल अशा जागी उभी करा. गॅरेजच्या आत हे काम करूच नका.

राहिलं प्रोग्रॅमिंग. जे २५३४ हा अमेरिकेतल्या एसएई संस्थेचा २००२ चा मानदंड: एकच डबी कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरखाली चालावी, ही त्यामागची कल्पना. म्हणजे डबी घेतली की काम सुरू होत नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर, त्याचं लॉगिन आणि त्या गाडीची नेमकी फाइल हवी. ती तुम्हाला रीतसर मिळणार आहे का, हे मशीन विकणाऱ्याला विचारा. तो 'लॅपटॉपमध्ये सगळं भरून देतो' म्हणाला तर तिथूनच परत या. शिवाय कुलपं वाढतायत. फियाट-क्रायस्लरच्या गाड्यांत २०१८ पासून सिक्युरिटी गेटवे आला, फोक्सवॅगनच्या २०२० च्या आसपासच्या नव्या मॉडेलांत एसएफडी नावाचं कुलूप. कोड वाचता येतात, लिहायला गेलात की सर्व्हरची परवानगी लागते.

माझी एक चूक सांगतो. २०१६ मध्ये स्वस्तातली नकली जे २५३४ केबल घेऊन एका डिझेल गाडीच्या ईसीएममध्ये फाइल टाकत होतो. बॅटरीला साधा चार्जर लावलेला. ७० टक्क्यांवर रेडिएटरचा फॅन सुरू झाला, व्होल्टेज खाली गेलं आणि केबल तुटल्यासारखी गप्प झाली. ईसीएम मेला. गाडी टोचन करून न्यायला लागली, नवा ईसीएम माझ्या खिशातून गेला आणि गिऱ्हाइकाला अकरा दिवस गाडीविना राहावं लागलं. त्या मुलाच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून फाइल टाकायच्या कामाला ५० अँपिअरचा स्थिर पुरवठा, लॅपटॉपला यूपीएस, विंडोजचं अपडेट आणि स्लीप बंद, आणि केबल नेहमी यूएसबी, ब्लूटूथ नाही. हे सगळं जमवायची तयारी असेल आणि वहीत महिन्याला निदान पाच-सहा अशी कामं दिसत असतील तरच त्यात उतरा. तोवर ज्याच्याकडे सोय आहे त्याच्याकडून करून घ्या आणि तुमचं कमिशन ठेवा.

तर तुमच्या जागी मी असतो तर लाखाचे असे भाग केले असते: वहीत सॉफ्टवेअरमुळे अडलेल्या गाड्या पाचाहून जास्त निघाल्या तर ३० हजारांचं अपडेट, फोर्डसाठी चांगला यूएसबी अ‍ॅडाप्टर, दोन सीएनजी किटच्या केबल, एक स्थिर पुरवठा, कारण तो तासन्‌तास चावी चालू ठेवून स्कॅन करतानाही लागतो. उरलेले पैसे बँकेत, दोन वर्षांनी कॅन एफडी आणि डीओआयपी असलेल्या नव्या डबीसाठी. आणि कुठल्याही गाडीवर कोड उडवायच्या आधी सगळ्या युनिटचा रिपोर्ट आणि फ्रीझ फ्रेम सेव्ह करून गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. कोड उडवला की फॉल्ट आला तेव्हाचा आरपीएम, तापमान, लोड सगळं त्याच्याबरोबर जातं आणि मग आंधळी कोशिंबीर सुरू होते.

सेडानचं १६ नंबरचं व्होल्टेज आणि ६-१४ मधला ओहम आज संध्याकाळी मोजून कळवा. मॉडेल आणि इंजिनही लिहा, म्हणजे कपलर कुठून उघडायला सुरुवात करायची ते सांगता येईल.